टॉवर फुल

विक्की, तो मोबाईल खाली ठेव आधी. आन वैष्णवी, तू दाराकडे पाठ करून नको बसू, मंग रात्रभर मले बोल लावशीन. ही काही माह्या मनची गोष्ट नोहे. ज्याच्यावर बेतली त्याच्याच तोंडून ऐकलेली आहे.

उकंडा आठवते का, दिग्रसच्या टेलिफोन एक्स्चेंजात माह्यासोबत लाईनमन होता? त्याचा पोरगा रोशन. लय टापटीप पोरगा. शर्टाची इस्त्री मोडू देत नाही, खिशात धुतलेला रुमाल. पानटपरीवर कोणी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राह्यलं का हा रस्ता बदलते. आन अशा पोराले नोकरी कोणती मिळाली, तं मोबाईल टॉवरच्या देखभालीची. टॉवर म्हटलं का तुमाले वरचा लाल दिवा दिसते. खाली काय असते ते पाहा एकदा. उंदरायच्या लेंड्या, फुगून मेलेली घोरपड, जनरेटरचं काळं तेल, आन ज्यानं त्यानं भिंतीवर थुकलेला खर्रा. रोशन म्हणे, काका, मले घरी गेल्यावर दोनदा आंघोळ करा लागते, तरी वास जात नाही.

मागच्या नोव्हेंबरची सतरा तारीख, सोमवार. दुपारी त्याच्या सुपरवायझरनं, मारोतरावनं, त्याले दिग्रसच्या बसस्टँडवर बोलावलं. तोंडात खर्रा, हनुवटीवर त्याचा ओघळ, आन त्याच तोंडानं काम सांगतलं. बारा किलोमीटर आतल्या टॉवरवर जा. तिथल्या मशीनमधी दोन तारखेचं जे काही रेकॉर्ड आहे ते पुसून टाक. उद्या पोलीस येऊन राह्यले पाहाले. संग पोलिसायच्या पत्राची झेरॉक्स देली, तिच्यावरही लाल शिंतोडे. रोशननं ती दोन बोटायनं धरली.

आता हे समजून घ्या, नाही तं पुढचं डोक्यावरून जाईन. तुमाले वाटते बटन दाबलं का घंटी वाजते. तसं नसते बापा. बटन दाबलं का तुमचा फोन आधी टॉवरले नुसती आरोळी मारते. तिच्यात नाव नाही, नंबर नाही. फक्त ‘मले जागा द्या’ इतकं, आन काम साधं आहे का जिवावरचं. ॲम्ब्युलन्सचा एकशे आठ लावला तं आरोळी जिवावरची. ती पोचाले किती वेळ लागला त्याच्यावरून टॉवर अंतर मोजते, अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरच्या टप्प्यानं. चार म्हणजे दोन-सव्वादोन किलोमीटर. शून्य म्हणजे टॉवरच्या बुडाशी. मंग टॉवर म्हणते, ये, ही जागा तुही. मंग नाव विचारते. मंग एक आकडा फेकते, आन सिमच्या पोटात जे गुपित असते ते लावून फोनले उत्तर द्या लागते. ते गुपित दुसऱ्या कोणत्याच सिममधी नसते. उत्तर बरोबर आलं तरच कॉल पुढं सरकते आन पलीकडे घंटी जाते.

त्या टॉवरचा जनरेटर नुसता तेल गळे, चाले नाही, आन बॅटऱ्याही झाल्या होत्या खराब. संध्याकाळी लाईट गेली का टॉवर बंद पडे आन वरच्या रिपोर्टात लाल रेघ येई. मारोतरावनं डोकं चालवलं. रात्री सात ते सकाळी सहा कोणालेच जागा द्याची नाही. टॉवर नुसतं ‘मी आहे, मी आहे’ म्हणत राहीन. लोकायच्या फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या, टॉवर फुल दिसीन, पण फोन लागणार नाही. बॅटरी वाचते, रिपोर्ट हिरवा राह्यते, आन लोक आपलाच हँडसेट खराब समजून झटकत बसतात. आन हे जागा न द्याचं कुलूप लॅपटॉपवरून मशीनले लावलं कोणं? रोशननं. साहेबानं सांगतलं, यानं लावलं. रुमाल ठेवते लेकाचा खिशात धुतलेला. थू. मले सांगतानाही तोंड कडू होते.

दोन तारखेले रविवार होता. टॉवरपासून दोन किलोमीटरवर बंजाऱ्यायचा तांडा आहे. तिथल्या ओम राठोडच्या बायकोले, बबिताले, अंधारात सरपण काढताना साप चावला. बावीस वर्षाची पोरगी. ओमनं फोन तिच्या हातात देला, तू एकशे आठ लावत राह्य, मी गाडी पाहून आणतो म्हणे, आन पळाला. गाडी घेऊन आला तं बबिता घरात नाही. आपल्याकडे कसं आहे, टॉवर फुल असून फोन लागत नसला तं माणूस टॉवरकडे चालाले लागते. जवळ गेल्यावर लागीन म्हणते. तिनं तेच केलं. साप चावलेल्या पायानं दोन किलोमीटर चालली. टॉवरच्या गेटापाशी सापडली, जनरेटरच्या तेलाचं जे काळं डबकं साचते त्याच्यात, पालथी. फोनही त्याच डबक्यात, पार मेलेला.

तिचा बाप शंकरसिंग, दुसऱ्या तांड्याचा नायक, म्हणजे तिथला मुखिया. त्यानं ठाण्यात सरळ सांगतलं का टॉवर फुल होता, मंग पोरीनं फोन काहून नाही लावला? ओमनं तिले फोन देलाच नाही. तिले मरू देलं आन फोन मागून डबक्यात फेकला. ओम म्हणे, देला होता, देवाशपथ देला होता. टॉवरवाल्यायनं लिहून देलं का टॉवर रात्रभर चालू होतं. झालं, पोलिसायनं ओमले आत टाकलं. आता तो खरा का खोटा, हे सांगणारी दुनियेत एकच गोष्ट उरली होती, त्या मशीनमधलं रेकॉर्ड. आन तेच पुसाले आपला रोशन चालला होता.

साडेसहाले तो टॉवरवर पोचला. गेटापाशी ते डबकं तसंच होतं, वरून माश्यायचा थर. नाकाले रुमाल लावून त्यानं ते ओलांडलं. आत गेला, कॅबिनचं दार लावून कडी घातली, लॅपटॉप जोडला. सात वाजले आन कुलूप आपोआप लागलं. मंग त्यानं दोन तारखेचं पान उघडलं. पुसाच्या आधी एकदा पाहावं म्हणून.

सात बावन्न. जिवावरची आरोळी. अंतर चार. जागा नाकारली. अशा नऊ ओळी लागोपाठ. आठ पाचले अंतर तीन. आठ सतराले दोन. आठ एकोणतीसले एक. आठ चाळीसले शून्य. मंग एका मिनिटात अकरा ओळी, सगळ्या शून्याच्या, सगळ्या नाकारलेल्या. त्याच्या खाली काहीच नाही.

रोशन समजला. नाव कुठंच नव्हतं, पण समजला. अर्ध्या अर्ध्या किलोमीटरनं कोण चालत आलं, आन गेटापाशी येऊन अकरा वेळा कोणी बटन दाबलं, ते त्याले डोळ्यानं दिसलं. तिथंच कोपऱ्यात ओकला तो, मारोतरावच्या खर्र्याच्या डागावर. तोंड पुसलं, परत बसला… आन रेकॉर्ड पुसून टाकलं. नोकरी जाईन म्हणून. मले म्हणे, काका, मले घोरपडीची किळस कधीच आली नाही तितकी त्या वक्ती माह्या बोटाची आली.

पान कोरं झालं. तो वायर गुंडाळाले लागला.

सात बावन्न झाले. कोऱ्या पानावर एक ओळ आली. जिवावरची आरोळी. अंतर चार. जागा नाकारली.

आधी त्याले वाटलं, तांड्यात खरंच कोणाले काही झालं असंन. कुलूप काढू का म्हणून विचाराले त्यानं मारोतरावले फोन लावला. टॉवर फुल. फोन लागला नाही. परत लावला. नाही. स्क्रीनवर त्याचीच ओळ आली, साधी आरोळी, अंतर शून्य, जागा नाकारली. टॉवरच्या पोटात बसून त्याचा फोन लागून नव्हता राह्यला, आन कुलूप त्यानंच लावलेलं. तरी मारोतरावले पुसल्याबिगर ते काढाची त्याची छाती झाली नाही.

जिवावरच्या ओळी वाढत होत्या. नऊ झाल्या आन थांबल्या.

आठ पाच. अंतर तीन.

आता तो उभा राह्यला. गाडी बाहेर होती. पण तिथून निघाचा रस्ता एकच, आन तो तांड्यावरूनच जाते. म्हणजे जे येऊन राह्यलं होतं, ते रस्त्यावर होतं.

आठ सतरा. दोन.

त्यानं पोलिसायचं पत्र वाचलं. परत वाचलं. बबिताचा फोन आन सिम ठाण्याच्या मालखान्यात. सील करून.

आठ एकोणतीस… एक.

लाईट गेली. बॅटरीवरचा बारका दिवा राह्यला. पंखा थांबला. बाहेर रातकिडेही नाही…

आठ चाळीस.

शून्य.

गेटची साखळी हालली. एकदा. मंग कॅबिनात तो वास आला. डबक्याचा. तेलाचा, कुजल्या पाण्याचा… दाराच्या फटीतून. रोशननं रुमाल तोंडात कोंबला.

शून्य. नाकारली. शून्य. नाकारली.

दाराले काही लागलं. जोरात नाही. हात टेकल्यासारखं…

तो उठला नाही. कडी काढली नाही. तितकी हिंमत नव्हती त्याच्यात. पण बोटं लॅपटॉपवर गेली. मारोतराव नाही, नोकरी नाही, काहीच आठवलं नाही त्याले. त्यानं कुलूप काढून टाकलं.

शून्य. जागा देली.

नाव विचारलं… नाव आलं. रोशननं पत्रावरचा सिमचा नंबर पायला. एक एक आकडा बोट ठेवून. तोच होता.

आकडा फेकला… उत्तर आलं.

बरोबर.

घंटी गेली.

उचलला.

मंग स्क्रीनवर सेकंद चालू झाले. दाराच्या पलीकडे कोणी लय हळू बोलून राह्यलं होतं… मधी थांबे, श्वास घेई, परत बोले. शब्द समजत नव्हते. चार मिनिटं. मंग कॉल बंद झाला. वास गेला. लाईट आली.

सव्वानऊले बाहेर हॉर्न वाजला. ॲम्ब्युलन्स होती. डॉक्टरीण बाई उतरली, जया मॅडम म्हणून, डबक्यात पाय पडला म्हणून चिडलेली. तिनं पुसलं, पेशंट कुठंय. रोशननं उलट विचारलं, फोन कोणं केला?

“तिनंच,” मॅडम म्हणे. “टॉवरच्या गेटापाशी आहे म्हणाली. आत लाईट आहे, माणूस आहे, पण दार उघडत नाही म्हणाली.”

रोशन खाली बसला. मंग त्यानं सांगतलं का ती बाई जाऊन पंधरा दिवस झाले. मॅडमनं त्याच्याकडे असं पायलं, जसं आपण जेवणातल्या झुरळाकडे पाहतो. साप चावलेल्या बाईच्या नावानं थट्टा करता, लाज वाटत नाही का, म्हणे. गाडीतल्या मशीनची छापील चिठ्ठी काढली, पेशंट मिळाला नाही म्हणून त्याची सही घेतली, एक प्रत त्याच्या अंगावर टाकली आन दार आपटून गेली. रोशननं चिठ्ठी वाचलीही नाही. घडी घालून खिशात ठेवली. रात्रभर कॅबिनातच बसला, पण दार सताड उघडं ठेवून.

सकाळी तो मारोतरावकडे नाही गेला. सीधा ठाण्यात गेला. कुलूप मी लावलं, रेकॉर्डही मीच पुसलं, ओमनं फोन देला होता, असं ठाणेदारापुढं सगळं ओकला. ठाणेदार म्हणे, पुसलं तं आता पुरावा काय? तुह्या बोलण्यावर मी त्याले सोडू? बाकावर शंकरसिंग बसून होता. तोही म्हणे, हा ओमचाच माणूस दिसते, पैसे खाल्ले असतीन. रोशनजवळ दुसरं काहीच नव्हतं. त्यानं ती चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

शंकरसिंगनं ती उचलली. चष्मा नव्हता, तवा बोट फिरवत वाचाले लागला. बबिता ओम राठोड. वय बावीस. सर्पदंश, डावा पाय. मंग बोट वरच्या ओळीवर गेलं, जिथं कॉल कधी आला ते छापलेलं असते. तिथं थांबलं. त्यानं चिठ्ठी ठाणेदाराले दाखवली. ठाणेदारानं भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पायलं, त्या दिवशी अठरा तारीख होती. चिठ्ठीवर छापलं होतं, दोन नोव्हेंबर, सात बावन्न.

शंकरसिंग उठला. कोठडीपाशी गेला, गज धरून उभा राह्यला. आत ओम मान खाली घालून बसला होता.

“जवाई,” तो म्हणे, “पोरीनं लावला होता फोन.”