तिसऱ्या मजल्यावरच्या अकरा झडपा

दिवा राहू दे, चंदू. अंधार केल्याने गोष्ट खरी होत नाही आणि उजेडाने ती खोटी ठरत नाही. ही गोष्ट मी कोठे वाचलेली नाही. ज्याच्यावर ती गुदरली, तो आनंदा घाडीगावकर लालबागच्या ह्याच चाळीत, माझ्या शेजारच्या खोलीत चौतीस वर्षे राहिला. खोटे रचण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नव्हती.

शनिवार, तेरा डिसेंबर दोन हजार तीन. अमावास्या दहा दिवस दूर होती, तेव्हा तो विचार मनातून काढून टाका. रात्री साडेआठला जेवण आटोपून आनंदा मोझॅकच्या ताज्या जमिनीवर पाणी मारायला निघाला. अशी जमीन काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावी लागते. गोणपाट सुकले, तर जमिनीला बारीक चिरा पडतात. निघताना त्याने सवयीने खोलीची खिडकी लावून घेतली.

"ह्या थंडीत कोणाक उकडता म्हणान मी उघडलेली?" त्याची बायको, सुभद्रावहिनी, म्हणाल्या. "खोबऱ्याचा धूर जावचो म्हणान उघडलेली. गिरण बंद पडली, पण तुमची सवय काय बंद पडाक नाय."

ती सवय कोणती, हे सांगतो. संपापूर्वी आनंदा गिरणीत सूतखात्यात होता. कोरड्या वाऱ्यात सूत तुटते, म्हणून त्या खात्यात खिडक्या बंद ठेवीत. पाळी सुरू होताना त्या लावून घेण्याचे काम जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, आनंदाकडे दिले होते. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी गेली, आनंदा मेहुण्याच्या हाताखाली मोझॅक शिकला आणि त्यात इतका तरबेज झाला, की एकवीस वर्षांनी त्याच्या स्वतःच्या नावाने पहिले कंत्राट मिळाले.

ते काम परळच्या बाजूला, विद्यापीठाच्या एका संशोधन इमारतीत होते. तिचे नाव मी सांगणार नाही. १९५८ ची इमारत. नक्षी नाही, कमान नाही, घुमट नाही. पश्चिमेच्या उन्हाला अडवणाऱ्या सिमेंटच्या उभ्या पट्ट्या, जिन्याला सिमेंटची जाळी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लांब दालनात खिडक्यांखाली सागवानी झडपा. अकरा. त्या दालनात पूर्वी गिरणी कामगारांच्या फुप्फुसांची तपासणी होत असे. पंख्याने धूळ उडून प्रयोग बिघडेल, म्हणून मूळ रचनाकाराने पंखे न लावता ह्या झडपा बसवल्या होत्या.

दुरुस्तीची देखरेख ललिता परुळेकर ह्या वास्तुविशारद बाईंकडे होती. जुना खिळासुद्धा त्यांना विचारल्याशिवाय काढायचा नाही, असा त्यांचा दंडक.

"मेस्त्री, मूळ नकाशात झडपा उघड्या दाखवल्या आहेत," त्यांनी आनंदाला बजावले होते. "ज्याने त्या आखल्या, त्याने विचार करून आखल्या. तुम्ही विचार न करता बंद करू नका."

"बाई, समुद्राचा वारा म्हणजे ओल. गोणपाट वाऱ्याने सुकून माझी जमीन फाटेल आणि ओलीने तुमची भिंत भिजेल."

"भिंतीचे मी बघते."

भिंतीचेच तर सगळे होते. पश्चिमेच्या भिंतीत ओल शिरली होती. सोमवारी विद्यापीठाची समिती यंत्र लावून ती मोजणार होती. ओल उतरली नसेल, तर तो भाग पाडून तेथे काचेची इमारत उभी करायची, असे ठरत होते. म्हणजे आनंदाची जमीन गेली, कंत्राट गेले आणि फाटकावर लावलेल्या कंत्राटदाराच्या पाटीवरचे नावही गेले.

म्हणून तो रोज संध्याकाळी बाईंच्या माघारी अकराही झडपा बंद करी. आणि गुरुवारी सकाळी त्या उघड्या सापडल्या. शुक्रवारी उघड्या. शनिवारीही उघड्या.

त्याचा पहिला संशय रखवालदार शिवावर.

"काय रे शिवा, कोणी सांगितलं तुला झडपा उघडायला?"

"मी कशाला उघडू, मेस्त्री? वारा काय किलोवर विकतात?"

"काचवाल्यांनी काही दिलं असेल."

"मला दिलं असतं, तर मी इथे मच्छरांना रक्त देत बसलो असतो का? वहिनींनी डब्यात धाडलेले बोंबील खा आणि गप घरी जा."

— नाही चंदू, मध्ये बोलू नकोस. शिवाच असणार, असे मलाही वाटले होते.

त्या शनिवारी रात्री आनंदाने गोणपाट भिजवले, अकरा झडपा लावल्या आणि प्रत्येकीत लाकडी पाचर हातोडीने ठोकून बसवली. दालनाला बाहेरून कुलूप घातले. किल्ली कमरेला खोचली आणि तो जिन्याच्या वरच्या पायरीवर अंधारात बसला. वर येण्याचा दुसरा मार्ग नव्हता. जाळीतून खाली फाटक दिसत होते. शिवाची विडी दिसत होती.

दहा वाजले. अकरा वाजले. शिवा जागचा हलला नाही. मग आनंदाला बाईंचा संशय येऊ लागला. त्यांच्याकडे दुसरी किल्ली असेल... पण बाई रात्री येथे कशाला येतील?

बसल्या बसल्या त्याला विठोबा आठवला. विठोबा सावंत, त्याच्याच खात्यातला, त्याच्याच गाळ्यात, कामगारांच्या सामाईक खोलीत, पथारी टाकणारा. एक्क्याऐंशी साली आनंदाच त्याला ह्या दालनात तपासणीला घेऊन आला होता. डॉक्टरांनी तोंडात नळी दिली आणि म्हणाले, फुंका. विठोबाने फुंकले. यंत्राचा काटा जेमतेम हलला. दुसऱ्या दिवशी खात्यात आनंदा खिडक्या लावू लागला, तेव्हा तो त्याला म्हणाला, "सगळ्यो नको, आनंदा. माझ्या बाजूची एक तरी उघडी ठेव रे." आनंदाने जॉबरकडे पाहिले... आणि तीही लावली. संपात विठोबा गावी गेला. तेथून फक्त तो गेल्याचे पत्र आले.

बारा वाजले. गिरण्या चालू असताना ह्याच वेळेला दुसरी पाळी सुटत असे.

दालनात कोणीतरी खोकले.

आनंदाने खाली पाहिले. विडी फाटकापाशीच होती.

पुन्हा खोकला. कोरडा. मग श्वास ओढल्याचा आवाज. लांब... फार लांब... आणि सुटलाच नाही.

खट्.

एक झडप.

खट्. दुसरी.

आनंदा मोजू लागला. चार. सात. प्रत्येक दोन आवाजांच्या मध्ये तोच श्वास. ओढलेला. अडलेला. नऊ. दहा.

मग काही नाही.

तो अकराव्या आवाजाची वाट पाहत राहिला. तो आला नाही. खोकलासुद्धा थांबला. असे थांबणे त्याने गाळ्यात ऐकले होते, शेजारच्या पथारीवर... तेव्हा तो उठून पाठ चोळायचा.

त्याने कुलूप काढले.

दालनात कोणी नव्हते. दहा झडपा उघड्या. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्यांतून जमिनीवर पडलेला. शेवटची, कोपऱ्यातली, बंद. तिच्यासमोरचे गोणपाट... दाबले गेले होते. कोणीतरी गुडघे टेकावेत, तसे.

"विठोबा," आनंदा म्हणाला.

"पाचर घट्ट बसली रे. मीच ठोकली."

तो जवळ गेला. हातोडी जिन्यावर राहिली होती. पाचर त्याने बोटांनी ओढली. नख उखडले, रक्त आले. पाचर निघाली. झडप उघडली.

त्याच्या कानाजवळून कोणीतरी श्वास सोडला. ऊन. सावकाश. आतून बाहेर.

खालून शिवा ओरडला, "मेस्त्री, कोणाशी बोलताय?"

आनंदा पहाटेपर्यंत तेथेच बसला आणि झडपांना हात लावला नाही. शनिवारची ती रात्र, रविवारचा दिवस, रविवारची रात्र, अकराही उघड्या राहिल्या. सोमवारी समितीने यंत्र लावले. भिंत खडखडीत कोरडी. ललिताबाई म्हणाल्या, "मेस्त्री, शेवटी माझे ऐकलेत." आनंदा म्हणाला, "तुमचे नाही ऐकले, बाई." बाईंना ते उद्धट वाटले, पण इमारत वाचली. आजही उभी आहे. जमिनीला एक चीर नाही.

आता शेवटचे सांगतो आणि उठतो.

त्याच सोमवारी दुपारी कोपऱ्यातल्या खिडकीला नवी काच बसवली. संध्याकाळी तिच्यावर वाफेचा एक गोल आढळला, बशीएवढा. पुसला, तरी पुसला जाईना. तो काचेच्या बाहेरच्या अंगाला होता. तिसरा मजला, बाहेर पाऊल ठेवायला विटेएवढीही जागा नाही. दोनदा काच बदलली. मला संशय आला, की आनंदाच काहीतरी लावत असेल. म्हणून तो वारल्यावर, गेल्या वर्षी, मी स्वतः जाऊन पाहिले.

गोल होता. तो लहान होतो आणि पुन्हा मोठा होतो. घड्याळ लावून मी मोजले. मिनिटाला सोळा वेळा. गाढ झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसा, न अडता.