सोडून गेलेल्यांच्या फांदीवर

धम्मशीलानं तिसऱ्यांदा पासवर्ड टाकला आणि पडद्यावर तिसऱ्यांदा तीच ओळ उमटली – हे खाते बंद आहे.

नांदुऱ्याच्या त्या कॉलेजात ती सहा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. त्रेसष्ट मुलांचे प्रात्यक्षिकाचे गुण तिच्या खात्यात अडकले होते. संध्याकाळी पाचच्या आत ते विद्यापीठाला गेले नाहीत, तर सगळी मुलं गैरहजर ठरणार होती. ती ताडकन उठली आणि जिना चढून वरच्या सर्व्हरच्या खोलीत शिरली.

आत एक अनोळखी तरुण बसला होता. चौकड्याचा शर्ट, आणि खांद्यावर कापसाचा एक पुंजका. रस्त्यावर जिनिंगला कापूस नेणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, तिथूनच आला असावा.

"नेटवर्क तुमी पाहता?"

"हाव. मी प्रसेनजित. दर शुक्रवारी पिंपळगाव राजाहून..."

"गाव नाही विचारलं मी. माह्यं खातं काऊन बंद आहे, ते सांगा."

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर एक झाड होतं. खोड म्हणजे कॉलेज, फांद्या म्हणजे विभाग आणि पानं म्हणजे माणसं. कॉलेजातल्या प्रत्येकाचं नाव त्या झाडावर कुठं ना कुठं होतं. त्यानं तिचं नाव शोधलं. ते अगदी खालच्या फांदीवर सापडलं – 'सोडून गेलेले'.

"मी कधी गेली सोडून?"

"आज सकाळी. दहा वाजून वीस मिनिटांनी." त्यानं मान खाली घातली. "चूक माही आहे, मॅडम. बोट माऊसवर दाबलेलंच राह्यलं अन् अख्खा रसायन विभाग ओढल्या गेला. त्या फांदीवर गेलेलं खातं आपोआप बंद होते."

धम्मशीला भांडणाची पुरती तयारी करून आली होती. पण 'चूक माझी' म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? त्यामुळं तिला आणखीच राग आला.

"चूक म्हनलं की झालं? पोरायचं वर्ष जाईल ना."

"नाही जाऊ देत."

त्यानं विभाग जागेवर नेला, पाचही जणांची खाती एकेक करून उघडली, प्रत्येकाला फोन करून खातं उघडलं का ते विचारलं. त्याचा डबा टेबलावर तसाच राहिला. पाचला वीस मिनिटं असताना गुण गेले. ती जायला वळली, तेव्हा मागून हळूच आवाज आला, "मॅडम... स्टेशनसमोर चहा चांगला भेटते."

"इथं काम करणाऱ्या कोनासोबतच मी चहा पेत नाही. नांदुरा लहान आहे, सर. कप खाली ठेवाच्या आधी गावभर होते."

पुढच्या आठवड्यात प्राचार्य महादेवरावांनी ठरवलं की नेटवर्कचं हे काम कॉलेजातल्याच कुणाला तरी यायला हवं. "जो सर्वात जास्त भांडते, त्याच्याच हाती किल्ली द्या," असं म्हणून त्यांनी धम्मशीलाचं नाव घातलं.

मग दर शुक्रवारी वर्ग भरू लागला.

"नाव ओढू नका," प्रसेनजित सांगायचा. "माऊसची उजवी कळ दाबा, 'हलवा' म्हना. मंग ते आधी विचारते, कुठं."

"हे मले शिकवून राह्यले तुमी? अख्खा विभाग कोनं पाडला होता?"

"म्हनून तं शिकवून राह्यलो."

ती चुकली तरी तो माऊसला हात लावायचा नाही. खुर्ची मागे सरकवून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाट पाहायचा. तिला स्वतःची चूक सापडली की नुसता हसायचा... आणि ती चिडायची. त्याच्या उशिरा येणाऱ्या बसवर चिडायची. हळूहळू ती गुरुवारवरही चिडू लागली, कारण तो संपता संपत नसे.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी त्यानं खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"आज शेवटचा धडा. गेलेल्या मानसाचं खातं बंद करायचं."

"कोनाचं?"

त्यानं बोटानं दाखवलं. पडद्यावर त्याचंच नाव होतं.

धम्मशीलानं माऊसवरचा हात काढला. "म्हनजे?"

"आज माहा करार संपला."

"अन् हे मले आज सांगून राह्यले?"

"आधी सांगतलं असतं तं तुमी शिकाले आल्या नसत्या."

"प्राचार्य अजून एक वर्ष देत नाहीत का? मी बोलते त्यायले. आत्ताच जाते."

"देत होते." तो खिडकीबाहेर पाहू लागला. "मीच नाही म्हनलं."

"काऊन?"

तो खिडकीकडून मागे वळला. मग म्हणाला, "इथं काम करणाऱ्यासोबत तुमी चहा पेत नाही ना..."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "चहासाठी काम सोडलं? डोकं ठिकानावर आहे का तुमचं?"

"खामगावले दुसरं भेटलं आहे. सोमवारपासून."

"अन् मी आज बी नाही म्हनली तं?"

"तं खामगावले जाईन," तो म्हणाला. "इथं बसून दर शुक्रवारी आस लावन्यापेक्षा बरं."

धम्मशीलानं पडद्याकडे तोंड फिरवलं. उजवी कळ दाबली. 'हलवा' म्हटलं. कुठं, असं यंत्रानं विचारलं. तिनं 'सोडून गेलेले' निवडलं. त्याचं नाव फिकं झालं आणि त्याच्या शेजारी एक बारीकसा बाण उमटला – खातं बंद.

"बरोबर केलं का?"

"एकदम बरोबर."

"म्हनजे आता तुमी इथं काम करत नाही."

"नाही."

तिनं पर्स उचलली. आजही त्याच्या खांद्यावर कापूस होताच. तो तिनं चिमटीत धरून काढला आणि खिडकीतून फुंकून दिला.

"मंग उठा," ती म्हणाली. "चार महिन्याचं भांडन बाकी आहे, ते एका कपात होनार नाही."