एकाहत्तर छाया

सकाळचा सराव संपला की करवीर संघाच्या मुली आधी पायातले मोजे काढायच्या आणि पॅव्हेलियनमागच्या दांडीवर ओळीनं टांगायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वाळत घातलेत. पण त्या मोज्यांच्या विणीत केसाहून बारीक तारा होत्या. दांडीला टेकताच त्या तारांनी दोन तासांत टिपलेलं सगळं यंत्रात उतरायचं: घोटा किती वळला, गुडघ्यावर किती भार आला, दमल्यावर कुठलं पाऊल आधी जड पडलं. त्यातून प्रत्येकीची ‘देहछाया’ तयार व्हायची, म्हणजे तिच्या हाडांची, स्नायूंची, सांध्यांची गणिती प्रतिकृती. खरी मुलगी घरी जाऊन न्याहारी करत असे, तोवर तिची छाया पुढचे पंधरा दिवस खेळून मोकळी झालेली असे. कुठं काही दुखावणार असेल तर ते आधीच कळायचं.

दोन वर्षांत याची इतकी सवय झाली होती की मुली एकमेकींची खुशाली विचारतानाही म्हणायच्या, “छाया बरी हाय न्हवं?”

छाया सगळ्यांच्या बऱ्या होत्या. संघच बरा नव्हता. दक्षिण विभाग महिला फुटबॉल लीगमधल्या दहा संघांत कोल्हापूरचा करवीर संघ जानेवारीत दहावा होता. शेवटचा संघ लीगबाहेर जाणार हा नियम. एकदा बाहेर गेलं की मुली पांगणार, आणि संघ पुन्हा उभा राहणार नाही, हे प्रशिक्षक कुमुद सरनोबत यांना पक्कं ठाऊक होतं. त्रेपन्न वर्षांच्या कुमुदला सगळं मैदान ‘अक्का’ म्हणायचं. तिच्या स्वतःच्या खेळण्याच्या वयात मुलींसाठी लीग नव्हतीच. ही लीग तिनं स्वतःच्या हातांनी गावात आणली होती.

संघाकडं एकच हुकमाचं पान होतं, नाझनीन शिकलगार. एसटीच्या वर्कशॉपमधल्या फिटरची मुलगी, अकराव्या वर्षी अक्कांकडं आलेली, आता बावीस वर्षांची. संघाचे चौदा गोल झाले होते, त्यातले अकरा तिचे. हैदराबादच्या गोलकोंडा संघानं तिच्यासाठी निरोप पाठवला होता: नाझनीन आम्हाला द्या, बदल्यात एक गोलरक्षक आणि दोन बचावपटू घ्या.

“एक देऊन तीन येतायत,” संघाचे अध्यक्ष बैठकीत म्हणाले. “नाझ गोल करते हे मान्य. पण आपण खातो किती? अडवणारं कोण आहे आपल्याकडं?”

“नाझ गेली तर मैदानात कुत्रं फिरकणार नाही,” कुमुद म्हणाली.

तीन आठवडे ती हटून बसली होती. खेळाडूची संमती घेतल्याशिवाय अदलाबदल होत नसे, म्हणून नाझनीनलाही विचारलं गेलं. तिनं खांदे उडवले. “अक्का सांगतील तसं,” एवढंच ती म्हणाली.

वाद कायमचा मिटवावा म्हणून कुमुद संघाच्या छायातज्ज्ञाकडं, डॉ. अभिनंदन मगदूम यांच्याकडं गेली. नाझनीनची छाया पंधरा दिवस नव्हे, लीग संपेपर्यंत खेळवून बघा, असं तिनं सांगितलं. ती कशी गोल करत राहील ते आकड्यांत दाखवलं की अध्यक्षांचं तोंड बंद होणार होतं.

“एवढ्या लांबचं बघायला दोन वर्षांची माहिती पुरत नाही,” मगदूम म्हणाले. “अंग कसं वाढलं, कुठं कुठं लागलं, ते लहानपणापासून हवं.”

“आहे की माझ्याकडं.”

तिनं अकरा वर्षांच्या अकरा वह्या आणून दिल्या. नाझनीनची उंची, वजन, धावण्याची वेळ, पडझड, सगळं तिनं रोजच्या रोज लिहून ठेवलं होतं. आईनंही ठेवलं नसतं इतकं. मगदूमांनी ते यंत्रात भरलं आणि छाया शंभर वेळा लीगच्या शेवटापर्यंत खेळवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कुमुदला बोलावलं आणि खुर्ची पुढं सरकवली.

“शंभरातल्या एकाहत्तर छायांचा डावा गुडघा लीग संपायच्या आत जातोय,” ते म्हणाले. “आतला अस्थिबंध तुटतोय. तसा तुटला तर पुन्हा पहिल्यासारखी धावणं अवघड आहे.”

“काल तर पंधरा दिवसांचा अहवाल स्वच्छ होता!”

“तो आजही स्वच्छ आहे. दुखणं जुनं आहे. बंध एकदा अर्धवट फाटून वेडावाकडा जुळलाय. तुमच्या वहीतच सापडलं.” त्यांनी पडद्यावर वहीचं पान आणलं. नाझनीन तेव्हा तेरा वर्षांची होती. कुमुदच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘इचलकरंजी स्पर्धा. डावा गुडघा सुजला. दुखतंय म्हणते. पट्टी बांधली. अंतिम सामना खेळवली. जिंकलो.’

कुमुदनं ते पान दोनदा वाचलं. त्या सामन्याचा चषक अजून तिच्या घरात होता. गुडघ्याची गोष्ट मात्र ती विसरून गेली होती.

“उपाय?” तिनं विचारलं.

“सहा महिने खेळ बंद आणि नेमानं व्यायाम. मग एकाहत्तराचे अकरा होतात.”

म्हणजे सांगितलं तर नाझनीन घरी बसणार, गोलकोंडा तिला घेणार नाही, तिघीजणी येणार नाहीत, आणि करवीर संघ बुडणार. हे सगळं कुमुदला एका क्षणात दिसलं. न सांगता काय होईल, तेही दिसलं.

“गोलकोंडाला काय काय द्यावं लागतं?”

मगदूमांनी तिच्याकडं जरा निरखून बघितलं. “नियमानं दोन वर्षांची माहिती आणि पंधरा दिवसांचा अहवाल. वह्या नाहीत. त्या तुमच्या खाजगी. त्यांच्या यंत्राला हे दिसणार नाही.” मग ते म्हणाले, “मी कुणाला सांगणार नाही, कारण माझी नेमणूक तुमच्या हाताखाली आहे. पण ही फाईल मी पुसणार नाही, अक्का.”

तासाभरात कुमुदनं अध्यक्षांना फोन करून होकार कळवला. पोटच्या पोरीसारखी मुलगी संघासाठी सोडली म्हणून त्यांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. तिनं ते ऐकून घेतलं.

कागदावर सही करायच्या आधी नाझनीन तिच्या खोलीत आली. कोल्हापूरच्या बऱ्याच मुलींसारखी तीही ‘जातो’, ‘येतो’ असंच बोलायची.

“मग जातो मी, अक्का?”

“जा. मोठा संघ आहे. नाव होईल.”

“आणि छाया काय म्हणतीय माझी?”

“बरी आहे.” कुमुदनं टेबलावरचे कागद सारखे केले. “चांगली आहे.”

नाझनीन वाकून तिच्या पाया पडली आणि हसत बाहेर गेली.

गावात राग उसळला. मैदानाच्या फाटकावर कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘अक्कांनी पोरगी दिली, इज्जत पण दिली’. तेव्हा हैदराबादहून नाझनीननंच एक चित्रफीत पाठवली. तीत ती म्हणत होती, “अक्कांना कुणी बोलायचं काम नाही. माझं भलं व्हावं म्हणून त्यांनी मन घट्ट केलंय. मला म्हाईत हाय.” ती चित्रफीत गावभर फिरली. फाटकावरची अक्षरं कुणीतरी पुसून टाकली. ती तशीच राहिली असती तर बरं, असं कुमुदला वाटलं.

नव्या तिघी चांगल्या निघाल्या. गोल बसायचे कमी झाले, गुण जमू लागले. गोलकोंडाचे सामने कुमुद फोनवर बघायची. चेंडू कुठं आहे, कुणी गोल केला, हे तिला नंतर आठवायचंही नाही. ती फक्त डावा गुडघा बघायची. नाझनीन उडी मारून खाली आली की कुमुद तो क्षण मागं नेऊन पुन्हा बघायची. पहिला महिना गेला, दुसरा गेला, गुडघा शाबूत होता. नाझनीननं नऊ गोल केले. राष्ट्रीय संघाच्या शिबिराच्या यादीत तिचं नाव आलं.

दोनदा कुमुदनं फोन लावला. “गुडघा कसा आहे?”

“झकास. का ओ अक्का?”

“सहज.”

आणि मार्च सरता सरता तिच्या मनात एक विचार शिरला. गुडघा गेलाच नाही तर? तर आपण एका आकड्याला भिऊन पोरगी घालवली, आणि खोटं बोललो तेही फुकट. तो विचार आला की ती कुठल्या तरी कामाला लागायची. पण तो पुन्हा यायचा.

एप्रिलमधला शेवटचा सामना कोल्हापुरातच होता, करवीर विरुद्ध गोलकोंडा. करवीरला टिकायला बरोबरी पुरेशी होती. गोलकोंडा आधीच पहिल्या चारांत जाऊन बसला होता.

सामन्याआधी मैदानाकडं जाणाऱ्या बोळात नाझनीन धावत आली आणि तिनं कुमुदला मिठी मारली. “वाळलायसा, अक्का. जेवत न्हाई काय?”

आता सांगावं, असं कुमुदच्या ओठांवर आलं. पण ऐन सामन्याच्या तोंडावर सांगितलं तर तिचे पाय ढिले पडावेत म्हणूनच सांगितलं, असं जग म्हणेल. सामना झाल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं. आणि ठरवताक्षणी तिला कळलं, की गप्प राहायला आपल्याला आणखी एक चांगलं कारण मिळालंय.

ऐंशीव्या मिनिटाला एक-एक अशी बरोबरी होती. नाझनीननं मधल्या रेषेवर चेंडू घेतला, एकीला चकवलं, दुसरीला चकवलं. समोर फक्त गोलरक्षक. डाव्या पायावर भार टाकून ती वळली आणि गुडघा धरून कोसळली.

पंधरा हजारांचं मैदान गप्प झालं.

त्या शांततेत कुमुदला सर्वांत आधी जे वाटलं, ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. झालं एकदाचं. यंत्र खरं होतं, मी खरी होते. हे सगळं अर्ध्या क्षणाचं असेल, पण ते तिचं तिला स्पष्ट कळलं.

नाझनीन उठली. बुटाचा खिळा गवतात अडकला होता, एवढंच. ती दोनदा उड्या मारून धावत सुटली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. कुमुद बाकावर बसून राहिली. हातांचं काय करावं तिला कळेना. शेवटी तिनं ते मांड्यांखाली दाबून धरले.

सामना बरोबरीत सुटला. गुलाल उडाला, हलगी वाजू लागली, अध्यक्षांनी हार आणला. कुमुदनं तो हातात घेतला, शेजारच्या मुलीच्या गळ्यात घातला आणि ती मगदूमांच्या खोलीत गेली. त्यांनी काही न विचारता फाईल काढून दिली.

गोलकोंडाच्या खोलीत नाझनीन एकटीच बसली होती, बाकीच्या बसकडं गेल्या होत्या. कुमुदनं उभ्यानंच सगळं सांगितलं. शंभर छाया, एकाहत्तर, सहा महिन्यांची विश्रांती. गोलकोंडाला काय दिलं आणि काय दिलं नाही, तेही सांगितलं. मध्ये कुठं थांबली नाही.

नाझनीननं फाईल चाळली. वहीच्या पानापाशी तिचा हात थांबला.

“मी तवा म्हटलं होतं, दुखतंय म्हणून.”

“हो.”

“तुम्ही लिवलंय पण.”

“हो.”

बाहेरून मुलींच्या ओरडण्याचा आवाज येत होता. नाझनीननं डावा पाय लांब केला आणि दुमडला, पुन्हा लांब केला. जणू तो कुणाचा तरी ठेवायला दिलेला होता.

“मी उद्या लीगला पत्र देणार आहे,” कुमुद म्हणाली. “तुझी हरकत नसेल तर. फाईल तुझी आहे.”

“मग बाहेर नाचतायत त्यांचं काय? ठाऊक असून दुखणं लपवलं म्हणून लीग त्यांचे गुण काढून घेईल. त्यांनी काय केलंय?”

कुमुदनं दाराकडं बघितलं; बाहेर हलगी अजून वाजत होती.

“आणि आज मी पडलो, तवा तुम्हाला काय वाटलं?”

खोटं बोलायला वाव होता. कुणी बघितलं नव्हतं. “सुटल्यासारखं वाटलं,” कुमुद म्हणाली.

नाझनीननं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं बघितलं. राग असता तर कुमुदला सोसला असता. तिथं राग नव्हता. आपण ओळखत नाही अशा बाईकडं बघावं, तशी ती बघत होती.

“मॅडम,” ती म्हणाली. अकरा वर्षांत तिनं हा शब्द कधी वापरला नव्हता. “आठ दिवसांनी आमचा उपांत्य सामना हाय. मग शिबिर. आता दर वेळी डावा पाय टाकताना मला हे आठवणार. म्हाईत न्हवतं तवर मी नऊ गोल केले. सांगितलं असतं तर सहा महिने घरी बसलो असतो, पण माझं मी ठरवून बसलो असतो.”

ती उठली, फाईल पिशवीत घातली. दाराशी जाऊन थांबली.

“एक सांगा. त्या एकोणतीस छाया, ज्यांचा गुडघा गेला न्हाई. त्यांना म्हाईत होतं काय?”

छायेला हाडं ठाऊक होती, स्नायू ठाऊक होते. भीती यंत्रात कुणी भरलीच नव्हती.

“नाही,” कुमुद म्हणाली.

“मग आता मला म्हाईत झालंय, तर मी कुठल्या शंभरात?”