नानायमोची वडी

कस्टर्ड पावडरचा शेवटचा डबा उपासनाने उचलला, आणि शेजारी उभा असलेला उंच मुलगा बघतच राहिला… डब्याकडे, असं तिने स्वतःला बजावलं.

"तुम्हाला सगळा लागेल?" त्याने चाचरत विचारलं. "अमेरिकन दुकानांत मिळत नाही हो. कॅनडात कुठेही मिळतो."

"कॅनडात मग काय करतात याचं?"

"नानायमो बार. तिकडचा एक गोड पदार्थ."

सत्त्याण्णवचा नोव्हेंबर. जर्सी सिटीतल्या त्या इंडियन ग्रोसरीच्या काचेवर बारीक गारा तडतडत होत्या. उपासना मेश्राम मूळची नागपूरची, सहा महिन्यांपूर्वी प्रोग्रॅमर म्हणून आलेली. शंतनू टोरांटोत वाढलेला, इथे नोकरीला, आणि एडिसनला कांचनमावशीच्या बेसमेंटमध्ये राहणारा. डबा निम्मा निम्मा वाटून घ्यायचं ठरलं. तेवढ्यासाठी दोघं तासभर बोलत उभी राहिली.

मग तो दर सोमवारी तिच्यासाठी काहीतरी आणू लागला. मेपलची बिस्किटं आणली. एकदा केचप चिप्स आणले.

"लाल पावडर लावलेला बटाटा," ती म्हणाली. "यात काय एवढं?"

"मग परत दे."

"देणार नाही." बोटं चाटत तिने पाकीट संपवलं. तो हसला की डाव्या गालावर खळी पडायची, आणि तिला बोलायचं सुचेनासं व्हायचं…

नानायमो बार त्याने तिच्याच किचनमध्ये शिकवला. ओव्हन नको, काही नको. खाली बिस्किटांचा चुरा, कोको नि खोबरं, मध्ये कस्टर्डचा पिवळाधमक थर, वर चॉकलेट.

"ही तर वडीच झाली," उपासना म्हणाली. शनिवारी मावशीने तिला जेवायला बोलावलं, तेव्हा ट्रेभर वड्या उपासनाने स्वतः करून नेल्या.

जेवताना मावशीने गोड आवाजात विचारलं, "मेश्राम म्हणजे… तुम्ही कोण?"

"बौद्ध."

मावशी हसली. उठली. टेबलावरचा ट्रे उचलून तिने मायक्रोवेव्हमागे सरकवला. "आमचं ना, डाएट चालू आहे." आणि सगळ्यांच्या वाट्यांत गुलाबजाम वाढले.

शंतनू खाली मान घालून बसला होता. उपासनाने एक क्षण वाट पाहिली. मग ती शांतपणे उठली आणि ट्रे घेऊन आली.

"मावशी, डाएट असेल तर गुलाबजामही आत ठेवा. नसेल तर खरं कारण सांगा. ते ऐकायची मला सवय आहे. गप्प बसायची नाही."

तिने कोट चढवला, ट्रे छातीशी धरला आणि ती स्टेशनपर्यंत ताठ मानेने चालत गेली. डोळे भरून आले ते फलाटावर, आणि तेही रागाने.

पाऊण तासाने शंतनू आला. हातात सुटकेस, खांद्यावर फुगलेली बॅग.

"तू गप्प बसलास," ती म्हणाली.

"हो." त्याने सबब सांगितली नाही. "तू गेल्यावर बोललो. तुझ्यासमोर बोलायला हवं होतं."

"आणि हे सामान? माझ्यासाठी घर सोडलंस?"

तो विचारात पडला. "नाही… मला तिथे राहवेना, म्हणून. आज ऑफिसातल्या विनयकडे झोपेन, जर्सी सिटीत. मग खोली बघेन."

'तुझ्यासाठी' म्हणाला असता, तर ती एकटीच गाडीत चढली असती. उपकार तिला नको होते. तिने बाकावर जरा सरकून जागा केली. ट्रे मध्ये ठेवला. त्याने वडी उचलली, खाल्ली, दुसरी घेतली.

"कस्टर्ड जास्त झालंय?"

"माझ्या आईच्यापेक्षा चांगलं झालंय. तिला मी हे सांगणार आहे. आणि… तू मला आवडतेस, हेही. तुला सांगायला उशीर झाला का?"

"झाला," उपासना म्हणाली. "पण गाडीलाही झालाय."

त्याचा थंडगार हात तिने स्वतःहून हातात घेतला. फलाटावरची दोन माणसं वळून बघायला लागली. तिने हात सोडला नाही.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "पण एक ऐक. पुन्हा असं झालं, तर मी उभी राहीपर्यंत थांबायचं नाही. आधी तू उभं राहायचं."

"राहीन."

गाडी आली. सुटकेस जड होती. एका बाजूने त्याने धरली, दुसऱ्या बाजूने तिने, आणि दोघं चढली.