यादीतलं शेवटचं नाव

खंडेनवमीला हिंगण्याच्या त्या कारखान्यात मालाच्या साठ्याची सगळी फाईल पुसली गेली, आणि बोट थेट कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ऋतुजाकडे गेलं.

"आपोआप काम करणारे ते मॅक्रो तिनंच लिहिले, मॅडम," दसऱ्यानंतर तपासाला आलेल्या वंदनाला मालक ताराचंद म्हणाले. "दुसऱ्या कोणाले ते जमत नाही. माल चोरून हिशेब पुसला असन, म्हणून मी तर तिले सगळ्यांसमोर चोर म्हटलं. उद्या कामावरून काढतो."

धर्मेंद्रला हे चोख वाटलं. खासगी तपास करणाऱ्या वंदनावहिनीच्या मागे फिरून त्याला असं पटकन पटायची सवयच लागली होती, आणि दर वेळी तो तोंडावर पडायचा.

ऋतुजाचे डोळे सुजले होते. "पडद्यावरच्या खिडकीत कामांच्या नावांची यादी असते," ती म्हणाली. "बाणाच्या बटणानं नाव निवडायचं, एंटर दाबायचं. जे नाव असेल ते काम कॉम्प्युटर करून टाकते. काही विचारत नाही."

"फाईल पुसायचं नावही आहे त्यात?" वंदनानं विचारलं.

"हो. 'नवं वर्ष'. सगळ्यात खाली. ते फक्त मार्चमध्ये लागते."

"पुसली कधी?"

"आरती संपली तेव्हा," सुपरवायझर भूपेश मध्येच बोलला. "कॉम्प्युटरच वेळ दाखवते. हिनं आधीच काही लावून ठेवलं असन."

"आरतीत ही कुठं होती?"

"माझ्या बाजूले, ताट धरून," भूपेश जरा नरमला.

दारावरचा बाबूलाल मान हलवत म्हणाला, "पूजा झाली की दसऱ्यापर्यंत मशीनले आपण हात लावत नाही, ताई."

"पूजा बंद मशीनची?"

"बाकीच्या बंद. कॉम्प्युटर चालू ठेवतो. मालकाची माय म्हणते, काळ्या पडद्याले काहून ओवाळता गा?"

वंदना वाकली. कीबोर्डच्या उजव्या टोकाला, खालच्या बाणाच्या बटणावर कुंकू चिकटलं होतं. धर्मेंद्रला त्यात काही दिसलं नाही. त्याचा संशय एव्हाना भूपेशवर सरकला होता.

"ऋतुजा, फाईलची जुनी प्रत उघड. आणि धर्मेंद्र, एक नारळ आण."

"फोडायले?"

"ठेवायले."

नारळ आला. वंदनानं यादीची खिडकी उघडून तो कीबोर्डच्या उजव्या टोकावर ठेवला. निळी पट्टी एकेक नाव सोडत सरसर खाली गेली आणि 'नवं वर्ष'वर थांबली.

"मशीनले हात कोणी लावला नाही, पण देवाचा नारळ ठेवला," ती म्हणाली. "कॉम्प्युटर चालू, यादी उघडी. नारळानं बाण दाबून धरला. पुढं सगळ्यांनी हात जोडले, आरती झाली, आणि कोणीतरी नारळ उचलला."

तिनं तो उचलला. उचलताना तो कोपऱ्यातल्या एंटरवर घरंगळला. पडद्यावरचे रकाने रिकामे झाले.

"आरती संपताच पुसली जायला हेच कारण. ऋतुजाच्या हातात तेव्हा ताट होतं. नारळ कोणी ठेवला, कोणी उचलला?"

मग ताराचंदांचा चेहरा उतरला.

"मीच," ते पुटपुटले. "फोडायचा होता ना."

धर्मेंद्रला हसू आवरेना, पण ऋतुजाकडे पाहून त्यानं ते गिळलं. ती मालकासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुम्ही मले सगळ्यांसमोर चोर म्हटलं."

ताराचंद उठले. दार उघडून त्यांनी सगळ्या मशीन थांबवायला लावल्या. खाली माणसं गोळा झाली, तसे ते तिच्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

"चूक माझी होती, बेटा. ऐका रे सगळे, माझी होती."