सरळ बघितलं की दिसत नाही

चष्म्याच्या दुकानातली ती मुलगी तशी कुणाला भाव देणारी नव्हती. पण हा उंच गडी नवाकोरा चष्मा तिसऱ्यांदा परत घेऊन आला आणि पुन्हा तिच्या डाव्या कानाशीच बोलू लागला, तेव्हा मात्र तिला राहवेना.

“माझ्या कानात काही आहे का हो?”

“नाही... म्हणजे, कान छान आहे,” तो गडबडला. तो पोहायला शिकवायचा. “अक्षरं अजून पुसटच दिसतात.”

“पोराची नजरच ठीक नाही,” आतून तिचे काका पुटपुटले. दुकान त्यांचंच होतं.

तिने अक्षरांचा तक्ता समोर धरला. सरळ बघून त्याला एक अक्षर सापडेना, पण मान जराशी वळवली की पटापट वाचायचा! नंबर तर बरोबर होता. मग हे काय गौडबंगाल?

“बरं, माझ्या नाकाकडे बघा. काय दिसतं?”

तो बघत राहिला... “नाक सोडून सगळं. मधोमध धुकं आहे. माझ्याकडे शिकणारी मुलंसुद्धा समोर आली तर ओळखू येत नाहीत. लोकांना वाटतं, मी शिष्ट आहे.”

तिला एकदम गलबलून आलं. “हे चष्म्याचं काम नाही. डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा. उद्याच!”

डॉक्टरांनी पडद्याचे फोटो काढले, रक्त तपासायला पाठवलं. आजार दुर्मीळ निघाला, आई आणि वडील दोघांकडून आलेला. त्या दोघांचे डोळे मात्र ठणठणीत; दोष दोघांकडून मिळाला तरच हा आजार होतो. अजून यावर औषध नव्हतं. उन्हात काळा चष्मा, वाचायला मोठी अक्षरं, आणि मावशीने प्रेमाने सुरू केलेल्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद, कारण या आजारात त्या उलट अपाय करतात. कडेची नजर बहुधा टिकेल, एवढाच दिलासा.

हे सगळं सांगायला तो दुकानात आला.

“आता चष्म्याचा उपयोग नाही. म्हणजे... इथे यायला निमित्तही उरलं नाही,” म्हणाला आणि उठलाच.

तीही ताडकन उठली. असा कसा जातो हा?

“थांबा! सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघा.”

“मग तुम्ही दिसणार नाही.”

“म्हणूनच! लाजताना कुणी बघितलेलं मला चालत नाही.”

त्याने निमूटपणे सरळ बघितलं. तिचे गाल तापले.

“निमित्त कशाला लागतं? नुसता ये — रोज ये. मला आवडतोस तू.”

आत काच घासणारं काकांचं मशीन थांबलं.

“पुढे अजून पुसट होईल सगळं...” तो हळूच म्हणाला. “तेव्हा गं?”

“तेव्हा मी आणखी जवळ येऊन बोलेन,” ती म्हणाली आणि काउंटरला वळसा घालून त्याच्याकडे आली.