पणजोबांची अदलाबदल

"अहो, माझ्या पणजोबांच्या तोंडावरचं बोट जरा काढाल का?"

मी दचकून वर पाहिलं. नगरपालिकेच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत, अगदी माझ्या टेबलाला टेकून, एक उंच तरुण उभा होता. माझ्या हातात ट्राम डेपोतल्या कामगारांचा जुना फोटो होता आणि बोट होतं रांगेतल्या डावीकडून तिसऱ्या माणसावर. झुपकेदार मिशा, ताठ छाती, गणवेशाची बटणं चकचकीत... काय रुबाब!

"तुमचे?" मी भुवया उंचावल्या. "हे माझे पणजोबा आहेत. आणि तुमच्या चष्म्याची दांडी सैल झालीय."

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. माणूस नंतर दिसतो, चष्मा आधी. सवय, दुसरं काय!

तो हसला. "आमच्या घरी यांचा लग्नातला फोटो आहे. हीच मिशी."

"मिशी काय, कुणालाही असते. हे बघा, मागे नावंच लिहिलीयत." मी फोटो उलटा केला. डावीकडून तिसरं नाव माझ्या पणजोबांचं. "आता बोला!"

त्याने नावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे... जरा जास्तच वेळ.

"अवघड आहे," शेवटी म्हणाला. "हे दोघांचेही पणजोबा असतील तर आपण नात्यातले ठरतो. आणि ते मला अजिबात चालणार नाही."

ओळख ना पाळख, आणि हा आगाऊपणा! मी मान खाली घातली खरी, पण हसू काही लपेना.

तो शाळेत गणित शिकवायचा, म्हणून मी त्याला मास्तर म्हणू लागले. दर शनिवारी आम्ही समोरासमोर बसून आपापले पणजोबा शोधायचो. माझे सापडत होते ते तुकड्यातुकड्यांनी. रात्रपाळीचे कामगार, ट्रामच्या रुळांत साचलेली माती खरवडून काढायची, हे काम. बदली नाही, बढती नाही. मग फोटोत एवढा रुबाब कुठून आला? पुढे इन्स्पेक्टर झाले असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं आणि घरभर सांगितलंसुद्धा.

"आणि बढतीचा कागद?" मास्तर विचारायचा.

"हरवला असेल. तुम्हाला मेलं सगळ्याला उत्तर हवं!"

"सगळ्याला नको. एकाच प्रश्नाला हवंय... पण तो अजून विचारला नाही."

असं बोलून तो निमूटपणे कागद चाळायला लागायचा आणि मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसायचे.

मग एका शनिवारी खिडकीतून लख्ख ऊन आलं. सहज म्हणून मी फोटो उन्हासमोर धरला. कागद पातळ होता. मागची शाई पुढे उमटली आणि ज्याचं नाव त्याच्या छातीवर जाऊन बसलं. माझ्या पणजोबांचं नाव मिशीवाल्याच्या जवळपासही नव्हतं. ते होतं उजवीकडून तिसऱ्या माणसावर. किरकोळ अंगाचा, ढगळ सदऱ्यातला, आणि ऐन फोटोच्या वेळी डोळे मिटलेला.

प्रत्येकाच्या पाठीमागे त्याचं नाव लिहिलेलं होतं. फोटो उलटला की डावं उजवीकडे जातं. एवढं साधं! दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी मी, आणि मलाच दिसलं नाही.

"मास्तर..." मी फोटो त्याच्यासमोर धरला. "मिशीवाला तुमचाच आहे."

त्याला आश्चर्य वाटलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही तुमचा माणूस घेऊन निघून गेला असता. मग शनिवारी मी कुणाशी भांडलो असतो?"

एरवी मी लाजले असते. आज कानशिलं तापली. "माझ्या आजोबांना स्वतःच्या वडिलांचं तोंडही आठवत नाही, मास्तर! ते रांगत होते तेव्हाच वडील गेले. तुमचा हा मिशीवाला मोठा करून मी त्यांच्या उशाशी ठेवलाय. रोज सकाळी त्याच्याशी बोलतात ते... 'बाबा' म्हणतात त्याला!"

मास्तरचा चेहरा पार उतरला. "हे मला माहीत नव्हतं," तो पुटपुटला. मग उठला. "चला. मी पण येतो. चूक एकटीची नाही."

रस्ताभर आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

आजोबा पलंगावर बसले होते. मी खाली बसून त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. मास्तरनेही आपला वाटा मान खाली घालून कबूल केला. मग मी खऱ्या पणजोबांवर बोट ठेवून फोटोची प्रत त्यांच्या हातात दिली.

आजोबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"डोळे मिटलेत की गं."

"रात्रपाळी असायची त्यांची. सकाळी घरी जायच्या आधी फोटोला उभं केलं असेल... आणि आजोबा, सबंध नोकरीत त्यांनी एकदाच रजा मागितली. कारण लिहिलंय, मुलगा झाला."

आजोबांनी चष्मा काढून धोतराने पुसला, परत लावला. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी."

त्यांनी फोटो छातीशी धरला. मी हुंदका दाबत म्हटलं, "मला माफ करा, आजोबा. परक्या माणसाला बाबा म्हणायला लावलं मी तुम्हाला."

"हो ना," आजोबा उशाशी ठेवलेल्या मिशीवाल्याकडे वळले. "घरातल्या सगळ्या कुरबुरी सांगितल्या मी यांना. काही म्हणून बाकी ठेवलं नाही." मग त्यांनी मास्तरला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे हे तुझे पणजोबा?"

"हो, आजोबा." मास्तर अजून मान वर करत नव्हता.

"रोज एकच गोष्ट मागायचो त्यांच्याकडे. या पोरीला चांगला मुलगा मिळू दे." आजोबांनी मिश्किलपणे माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी तर भलतंच मनावर घेतलं गं!"

मी पदरात तोंड लपवलं. मग मास्तरचा आवाज आला, हळू, अडखळत...

"मीही घेतलंय, आजोबा. आता फक्त तिने हो म्हणायचंय."

मी पदर जरा बाजूला केला आणि हो म्हटलं.